हळदबंदी

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर आजवर पुष्कळ भाडेकरू येऊन गेले. बहुतेक ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करणारे. आज इथे, उद्या रायपूरला. भाडेकरूशी सलगी केली की तो डोक्यावर बसतो, असं माझे यजमान शरच्चंद्र मला बजावतात आणि मग स्वतःच त्यांच्या पोरांना दुपारी कुल्फी खाऊ घालतात. मी सलगी करत नाही. कामिनीशी माझं जमलं ते भांडणातून.

राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता, तर या बाईनं गच्चीवर माझ्या दोरीच्या शेजारी स्वतःची दोरी बांधली. मी जाब विचारायला वर गेले. "काकू, तुमची दोरी मधात झोल खाते," ती म्हणाली. "ओला कपडा टाकला का जमिनीले टेकते." मी म्हटलं, हे घर बांधल्यापासून मी याच दोरीवर कपडे वाळवते आहे. "मंग तेव्हापासून दोनदोनदा धुवून राहिल्या असान," असं म्हणत तिनं माझीही दोरी सोडली आणि ताणून बांधून दिली. मला इतका राग आला की खाली येऊन मी शरच्चंद्रांशी विनाकारण भांडले. दोरी मात्र अजून तशीच ताठ आहे.

ही कामिनी म्हणजे सावनेरच्या पुढच्या एका खेड्यातल्या रुपराव आणि रुखमाबाईंची थोरली सून. नवरा रोहित गोदामात आलेला माल उतरवून घेतो. स्वभावानं मऊ, कुणी रागावलं की आधी हसतो. ती घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. सासरी कापूस आहे, संत्री आहेत, माणसं खाऊनपिऊन सुखी. कामिनीची आई ती लहान असतानाच गेली, म्हणून बाळंतपणाला सासूबाई वाडीलाच आल्या. मुलगी झाली. नाव ठेवलं रितिका.

मुलगी पिवळी होती. नवीन बाळ पिवळं असतंच, कोवळ्या उन्हात धरा, असं ज्यानं त्यानं सांगितलं. रुखमाबाई रोज सकाळी नात मांडीवर घेऊन गच्चीवर बसत. वर आंघोळीला हळद आणि बेसन, त्यामुळे पिवळेपणाचा आळ हळदीवर गेला. आमच्याकडे तान्ह्या लेकराला कोरं कापड घालत नाहीत, वापरून मऊ झालेलंच लागतं. रुखमाबाईंनी आपलं विरलेलं गर्द हिरवं लुगडं फाडून लंगोट केले होते, त्यावर कसलाच डाग कळत नसे. आणि शी पांढरट व्हायची, तर त्याचं त्यांना कौतुकच होतं. दुधावरचं लेकरू, शीसुद्धा दुधासारखी, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दीड महिन्याच्या डोसासाठी दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं शीचा रंग विचारला. रुखमाबाईंनी तो अभिमानानं सांगितला. डॉक्टरनं हातातली सुई खाली ठेवली.

त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तपासण्या झाल्या. पित्त वाहून नेणारी नळी जन्मापासूनच बुजलेली होती. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात उतरतच नव्हतं. ते आत तुंबून यकृतालाच खात होतं आणि रक्तात मिसळून डोळ्यांत, कातडीत दिसत होतं. ऑपरेशनला आणखी वेळ घालवून चालणार नव्हतं. डॉक्टर हर्षा म्हणून लहान मुलांच्या सर्जन होत्या, त्यांनी ती बुजलेली नळी काढून टाकली आणि आतड्याचाच एक भाग वर नेऊन यकृताला जोडला. एवढ्याशा पोटावर आडवी शिवण बघून रोहित भिंतीकडे तोंड करून रडला. कामिनी रडली नाही. तिनं डॉक्टरांना गाठलं. मी तिथेच होते, म्हणून तिचे शब्द मला आठवतात.

"मॅडम, आता लिव्हर बरं होईन?"

"होऊ शकतं," हर्षाबाई म्हणाल्या. "पित्त वाहायला लागलं तर ते स्वतःला सावरतं. नाही वाहिलं, तर पुढे लिव्हर बदलावं लागेल. काही महिने गेल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"मंग मी घरी काय पाहू?"

"रंग पाहा. शी पिवळी व्हायला हवी आणि डोळ्यांतला पिवळेपणा जायला हवा. ताप आला, शी पुन्हा पांढरी झाली, तर घरी काही करत बसू नका. कुठेही असा, तडक इथे या. जोडलेल्या आतड्यातून जंतू वर चढतात, आणि तसं झालं की लिव्हरला पुन्हा मार बसतो."

कामिनीनं हे ऐकलं आणि मनाशी गाठ मारली. एक पिवळा हवा, दुसरा नको. घरी आल्या आल्या तिनं दोन हुकूम काढले. पहिला, लंगोट पांढरेच पाहिजेत. बाजारचे डायपर तिला नको होते. ते सगळं शोषून घेतात आणि चुरगळून फेकले जातात, तिला उन्हात धरून बघायचं होतं. दुसरा, रितिकाच्या अंगाला हळद नाही. आंघोळीला नाही, टाळूवर नाही, जखमेवर तर नाहीच. स्वयंपाकात हात पिवळे झाले असतील तर साबणानं धुवायचे आणि मग लेकराला हात लावायचा.

"हळदीनं कोनाचं वाईट झालं वं आजवर?" रुखमाबाई म्हणाल्या.

"वाईट नाही होत आई. पन मले दिसत नाही. पोरगी पिवळी हाय का हळद पिवळी हाय, हे मले समजलं पायजे."

पांढऱ्या लंगोटांचा प्रश्न रुपरावांनी सोडवला. गड्याला जन्मात धोतराशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी वापरून मऊ झालेली आपली सगळी धोतरं पिशवीत भरून आणली आणि सुनेपुढे ठेवली. "फाड वं," म्हणाले. कामिनीनं ती टराटरा फाडली, मशीनवर कडा दुमडल्या. पुढे नवीन धोतरं येईपर्यंत रुपराव रोहितचा पायजमा घालून वावरले. तो त्यांना आखूड व्हायचा आणि नाडी सुटेल या धास्तीनं एक हात सतत कमरेवर असायचा. शरच्चंद्र त्यांना पाहिलं की मुद्दाम हात जोडून नमस्कार करत, म्हणजे त्यांनाही दोन्ही हात जोडावे लागत. नवऱ्याचा असला चावटपणा मला आवडत नाही, पण हसू मलाही यायचं.

आमच्या गच्चीवर आता रोज धोतराचे लंगोट फडफडू लागले. धुण्याआधी कामिनी प्रत्येक लंगोट उजेडात धरी. फिकट. फिकट. थोडासा मातकट. पुन्हा फिकट. औषधं वेळच्या वेळी, दुधातून द्यायला सांगितलेलं तेल मोजून, वजन करायला ठरल्या दिवशी इस्पितळात. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. एकदा मी म्हटलं, अगं, जरा देवावर भार टाक. ती म्हणाली, "टाकला हाय काकू. देव त्याचं पाहून राहिला, मी माह्यं पाहतो."

एके सकाळी वरून तिची हाक आली, "काकू! लवकर वर या!" पाय घसरून पडली की काय, या भीतीनं मी जिना चढले. ती उन्हात उभी होती आणि दोन्ही हातांनी एक लंगोट धरला होता. त्यावर मोहरीच्या फुलासारखी पिवळी शी. जिला शिळा भात पाहूनही कसंतरी होतं, ती मी त्या लंगोटाकडे डोळे भरून पाहत राहिले. रुखमाबाईंनी तर त्याला नमस्कार केला.

नातेवाईक मात्र नातेवाईकच. रुपरावांची बहीण सिंधूताई भेटायला आल्या आणि कावीळ उतरवणाऱ्या कुणा बाबाचं नाव सांगू लागल्या. तो गळ्यात माळ घालतो, माळ वाढत वाढत पायाशी येते आणि कावीळ उतरते. कामिनीनं शांतपणे विचारलं, "आत्याबाई, थो बाबा आतडं जोडते का?" सिंधूताईंनी चहा अर्धा टाकला. हा राग त्यांनी जपून ठेवला होता, हे पुढे कळलं.

मे महिन्यात रोहितच्या धाकट्या भावाचं, अमोलचं लग्न निघालं. घरी हळद, संध्याकाळी सावनेरला लग्न. डोळ्यांतला पिवळेपणा तोवर पुष्कळ उतरला होता, पण तपासणीचे आकडे अजून जागेवर आले नव्हते. कामिनी म्हणाली, मी येईन, थोरली वहिनी म्हणून सगळं करीन, फक्त रितिकाला हळद लागता कामा नये. रुखमाबाईंनी मान डोलावली. आम्हालाही आग्रहाचं बोलावणं होतं, म्हणून आम्ही दोघं हळदीलाच जाऊन पोहोचलो.

ऊन असं की मांडवात बसूनही डोळे मिटत होते. अमोलला पाटावर बसवलं होतं, बायका गात होत्या, हळदीची परात फिरत होती. कामिनी रितिकाला घरात पाळण्यात निजवून पाहुण्यांच्या चहाकडे बघत होती. तेवढ्यात सिंधूताई आत गेल्या आणि लेकराला उचलून मांडवात घेऊन आल्या. "नवरदेवाची पुतनी, करवली हाय ते! करवलीले हळद नाही लावाची? असा अपशकुन आमच्या घरात झाला नाही!" आणि कुणी काही बोलायच्या आत परातीत दोन्ही हात बुडवून त्यांनी रितिकाचे गाल, कपाळ, हात, पाय, सगळं माखून टाकलं. बायका हसल्या. रुखमाबाई समोरच होत्या. त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. भरल्या मांडवात नणंदेला अडवणं त्यांच्या जिवावर आलं असेल.

कामिनी आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं फक्त लेकरू घेतलं आणि मोरीत नेलं. तेल लावून पुसलं, बेसन लावून धुतलं. हळद कातडीत भिनली होती, ती काही सुटेना. पण धुता धुता तिच्या हाताला दुसरंच काही लागलं.

"काकू, हात लावून पाहा. तापली हाय."

मी हात लावला. अंग भाजत होतं. बायका दाराशी गोळा झाल्या. ऊन लागलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. मे महिन्यात आमच्याकडे ताप आला म्हणजे ऊनच लागतं, दुसरं काही लागायला परवानगीच नाही. कुणी कांदा ठेचायला धावली, कुणी पन्ह्याला कैरी शोधू लागली. "तळपायाले कांदा चोळ, उतरते," रुखमाबाई म्हणाल्या.

कामिनीनं लेकराला दारातल्या उजेडात आणलं. गालांकडे बघून उपयोग नव्हता, म्हणून खालची पापणी अलगद ओढली. डोळ्यात कुणी हळद घातलेली नसते. तिथे पिवळी झाक होती. मग तिनं लंगोट सोडला. धोतराच्या पांढऱ्या कपड्यावर मळलेल्या कणकेसारखी शी होती.

"जाऊन राहिलो," ती म्हणाली. "नागपूरले. आत्ता."

रोहित धावत आला. थोरला भाऊ तो, सगळी वरात त्याच्या भरवशावर. "कामिनी, लग्न लागू दे. लागल्या लागल्या निघू, मी शब्द देतो."

"अक्षता मी नसली तरी पडतात. हिचं लिव्हर मी नसली तर कोन पाहीन?"

"वहिनीशिवाय वरात निघते का कुठं?" सिंधूताई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

"तुमी सांगा त्याईले काय म्हनाचं थे," कामिनी म्हणाली, आणि पिशवीत लंगोट भरू लागली. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की सिंधूताईंना दोन शब्द सुनावायचे मी विसरूनच गेले, आणि तसं माझं सहसा होत नाही.

सगळ्या गाड्या सामान घेऊन पुढे गेल्या होत्या. दारात उभी होती ती एकटी नवरदेवाची गाडी, झेंडूच्या माळांनी मढवलेली. अमोल पाटावरून उठला. हळदीनं माखलेल्या हातानं त्यानं किल्ली रोहितच्या हातात दिली. "दादा, तू चालव. मी ट्रॅक्टरवर जातो." कुणीतरी म्हणालं, पाटावरून असं उठू नये. रुपरावांनी त्या माणसाकडे एकदा पाहिलं. "मुलीवाल्याईले मी सांगतो," ते म्हणाले. "निघा."

मी मागे बसले. रस्ताभर झेंडूची फुलं उडून काचेवर येत होती. रोहित हॉर्नवरचा हात काढत नव्हता. कामिनी ओल्या फडक्यानं लेकराचं कपाळ पुसत होती, आणि फडकं पिवळं होत होतं. इस्पितळाच्या फाटकावर चौकीदार आडवा आला. "लग्नाची गाडी आत नाही घेता येणार. नवरदेव कुठाय?" "ट्रॅक्टरवर," मी म्हटलं आणि अशा आवाजात म्हटलं की त्यानं फाटक उघडलं.

हर्षाबाईंनी पिवळंधमक लेकरू पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हळद हाय मॅडम," कामिनी घाईनं म्हणाली. "डोळे पाहा. अन् हे पाहा." तिनं लंगोट पुढे केला. बाकी विचारपूस न करता त्यांनी भरती करून घेतलं, रक्त तपासायला घेतलं आणि शिरेतून औषध सुरू केलं. पित्ताच्या वाटेत जंतू शिरले होते. कांदा चोळत बसलो असतो तर काय झालं असतं, हे रोहितनं विचारलं. "नका विचारू," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात, एवढं पुरे."

पण रात्रीत ताप उतरला तरी शी फिकटच येत होती. वाट पुन्हा बुजली की नुसती सुजली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बुजली असेल तर गोष्ट लिव्हर बदलण्यावर जाणार. कामिनी पाळण्याच्या दांडीला धरून उभी राहायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. आणलेले लंगोट संपत आले.

लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आल्या. अंगावर लग्नातलं लुगडं, हात कोपरापर्यंत घासून घासून लाल केलेले, तरी नखांच्या कडांना हळद उरलेली. त्या दारातच थांबल्या. पाळण्याजवळ येईनात. त्यांनी पिशवीतून एक गठ्ठा काढला आणि सुनेच्या हातात दिला. पांढरेशुभ्र लंगोट, हातानं शिवलेले. कापड ओळखीचं होतं. रुपरावांनी लेकाच्या लग्नात नेसलेलं नवं धोतर.

"कोरं होतं," रुखमाबाई म्हणाल्या. "गरम पान्यात टाकून टाकून मऊ केलं." मग पाळण्याकडे न बघता म्हणाल्या, "मी उठली होती वं. पन बोलली नाही."

कामिनीनं त्यांचा हात धरला आणि पाळण्याजवळ आणला. "तुमीच बांधा," म्हणाली.

त्या लग्नाच्या धोतरावरच पुढे काही दिवसांनी पहिला पिवळा डाग आला. नर्स, रोहित, शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आई, सगळी तो बघायला गोळा झाली. मी घरी होते. फोनवर कामिनी नुसतं "काकू" म्हणाली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचे महिने सरळ गेले असं नाही. एकदा पुन्हा ताप आला, पुन्हा धावपळ झाली. पण डोळे पांढरे होत गेले, फुगलेलं पोट उतरलं, रितिका आधी बसायला आणि मग माझ्या जिन्यावर चढायला शिकली. हळदबंदी चालूच राहिली. वाढदिवशी औक्षण झालं ते नुसत्या कुंकवावर.

यंदा संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. त्याच सकाळी कामिनी आणि रोहित तपासणीचे कागद घेऊन हर्षाबाईंकडे जाऊन आले होते. कावीळ नाही. यकृत तिचं स्वतःचं आहे आणि काम करतं आहे. जन्मभर लक्ष ठेवावं लागेल, ताप आला की यावंच लागेल, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पण आज ते बरं आहे.

बायका जमल्या होत्या. रुखमाबाई हळदीचा करंडा घेऊन सगळ्यांना लावत होत्या आणि रितिका जवळ आली की करंडा पदराआड लपवत होत्या. सवयच झाली होती त्यांना. कामिनीनं ते पाहिलं. लेकराला उचललं आणि त्यांच्यासमोर आणून उभं केलं.

"आई, लावा हिले."

रुखमाबाईंना कळेना. "काय लावू?"

"हळद."

बाईंचं बोट करंड्यात गेलं ते तिथेच राहिलं. मग त्यांनी दिसेल न दिसेल इतका ठिपका नातीच्या कपाळाला टेकवला.

"अशी नाही," कामिनी म्हणाली. "दोन्ही गालाले लावा. भरून लावा."

त्यांनी लावली. दोन्ही गाल, हनुवटी, चिमुकले हात. माझे डोळे वाहत होते आणि मी तिळगुळाचा डबा शोधत असल्याचं सोंग करत होते. रितिकाला मात्र हा नवा चिखल आवडला नाही. ती सुटली ती थेट ओसरीवर शरच्चंद्रांशी गप्पा मारत बसलेल्या आजोबांकडे गेली आणि त्यांच्या नव्याकोऱ्या धोतरात तोंड खुपसून दोन्ही गाल पुसले.

"अरे अरे, धोतर!" शरच्चंद्र म्हणाले. रुखमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

रुपरावांनी डाग उजेडाकडे धरला, जशी त्यांची सून गच्चीवर धरायची तसा, आणि बायकोचा हात अडवला.

"राहू दे," ते म्हणाले. "धुवू नको."